एकाच नंबरावर दोन माणसं

आमच्या घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी माझ्या मुलीकडे. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर असतो. लोखंड कुठून कुठवर आणि किती खोल कापायचं ते मशीनला आकड्यांत लिहून द्यायचं, हे माझं काम. एवढ्या भांडवलावर मी एक्कावन्नाव्या वर्षी जावास्क्रिप्ट शिकायला बसलो. बायको म्हणाली, "गुडघ्याला तेल लावायचं वय हे, आणि म्हणे प्रोग्रॅम." मी म्हटलं, तेल लावता लावता शिकतो. आणि खरंच तसंच शिकलो.

कारण आई होती. आई गावी, सोनईला, दादा-वहिनींकडे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शेती, चार गायी, आणि दोन मुली, दोघी नांदायला गेलेल्या. आईचा एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्यानं धूसर दिसतं. वाचायला ती कधी शिकलीच नाही. फोन केला की पहिली पाच मिनिटं "कोण बोलतंय?" यातच जायची. मग माझ्या डोक्यात आलं, आपण एक टॅब घ्यावा, त्यात सगळ्या गणगोताचे मोठे मोठे फोटो घालावेत. फोटोवर बोट ठेवलं की तो माणूस स्वतःच्या आवाजात बोलेल. आईनं हवं त्याला हवं तेव्हा ऐकावं.

मुलीनं व्हिडिओ कॉलवर शिकवायला घेतलं. तिचा स्वभाव आजीवर गेलाय, चूक झाली की ती आधी गप्प बसते.

"पप्पा, एक माणूस म्हणजे एक ऑब्जेक्ट. डबा समजा. डब्यात नाव, नातं, फोटो, आवाज. आणि हे सगळे डबे ज्या कपाटात ठेवायचे ते स्टोअर. स्क्रीन फक्त कपाटात बघून चित्र काढते. म्हणजे खरं काय ते एकाच जागी."

मला हे फार आवडलं. खरं एकाच जागी! आमच्या भावकीत अशी सोय कधीच नव्हती.

पहिल्याच दिवशी मी थोरल्या मामांचा डबा कपाटात घातला आणि स्क्रीनवर मामा दिसेनात. परत घातला. परत नाही. तिसऱ्यांदा घातला, वैतागून बंद करून उघडलं, तर तीन मामा एका ओळीत. एकच मामा आम्हाला जड होता.

मुलगी हसून हसून वाकडी झाली. "तुम्ही कपाटाच्या मागची फळी काढून डबा आत सरकवलात. कपाटाला कळलंच नाही, तर ते स्क्रीनला काय सांगणार? जुन्याला हात लावायचाच नाही. नवीन कपाट करायचं, जुन्यातलं सगळं त्यात ओतायचं, आणि शेवटी नवा डबा. जुनं कपाट तसंच राहतं." त्या ओतण्याला ती भाषा फक्त तीन टिंबं वापरते. तीन टिंबं टाकली की जुनं सगळं आलं. मी दोन दिवस टिंबांच्या कौतुकातच होतो.

मग ती म्हणाली, "आणि तीन मामा नको असतील तर प्रत्येक डब्याला एक वेगळी खूण द्या. एका खुणेचा एकच डबा राहतो. त्याच खुणेचा दुसरा आला की पहिला जातो. खूण कॉम्प्युटरच तयार करतो, मी दाखवते."

इथं माझ्यातला शहाणा जागा झाला. "कशाला? मोबाईल नंबर आहे की. दोन माणसांचा एक नंबर कसा असेल?"

ती म्हणाली, "पप्पा, लोक नंबर बदलतात."

"तुमच्या पुण्यात बदलत असतील. आपल्याकडं नाही बदलत."

ते खरंच होतं. आमच्याकडे नंबर बदलत नाही. तो घराला लागलेला असतो, दाराच्या कडीसारखा. ज्या घरात मी वाढलो त्या घराची ही रीत मला माहीत नव्हती असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

या खुणेपायी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला तेव्हा गोष्ट वाटलीही नाही. ज्यांना स्वतःचा नंबर नाही, त्यांचा डबा होईना. दोन चुलत्या, एक मावशी आणि आमच्या वहिनी बाहेर राहिल्या. गेल्या भाऊबिजेला मी लॅपटॉप घेऊन सोनईला एकेकाचा आवाज घेत होतो, तेव्हा वहिनी चकल्यांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"माझं न्हाई का घ्यायचं, भावजी?"

"वहिनी, तुमचा नंबर कुठंय?"

"माझा नंबर लई मागं असतो," असं म्हणून त्या हसल्या आणि चकल्या ठेवून आत गेल्या. आम्ही पण हसलो.

दादाला बोलायला बसवणं हे एक वेगळंच काम होतं. त्याचा फोन बटणांचा, त्यावर तो "हां", "बरं", "ठेव" एवढंच बोलायचा. मी म्हटलं, आईला जे बोलतोस ते बोल. तो लॅपटॉपकडे असा बघत बसला की जणू त्याला लॅपटॉपनं आधी बोलायला हवं होतं. शेवटी बोलला. नऊ सेकंद. ते मला पाठ आहेत, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही.

"आई, मी हाय. गायी धुतल्या. च्या टाक जरा." मग थोडं थांबून, माझ्याकडे तोंड करून, "झालं का रं? बंद कर की आता."

ते शेवटचं मी कापणार होतो. राहून गेलं.

टॅब आईला दिला. दुसऱ्या ओळीत पहिला फोटो दादाचा. आईला चेहरा दिसत नव्हता, जागा पाठ होती. तिनं बोट ठेवलं, दादा बोलला, आणि समोर खाटेवर बसलेल्या दादाला ती म्हणाली, "आरं, तू हितं बसलाय आन् ह्यात बी हायेस व्हय!" दादा म्हणाला, "ह्यातल्याला च्या दे, मला दूध दे."

माघात दादा गेला. सकाळी शेतात पाणी धरायला गेला होता, बांधावर बसला, आणि बसलेलाच सापडला. यावर मी अधिक लिहीत नाही; लिहून पाहिलं, जमत नाही.

दहावा झाल्यावर मी सोनईला दोन दिवस राहिलो. सकाळी आई उठली, तोंड धुतलं, टॅब मांडीवर घेतला आणि दुसऱ्या ओळीत पहिल्या जागी बोट ठेवलं.

"आई, मी हाय. गायी धुतल्या. च्या टाक जरा."

"टाकते, टाकते," आई म्हणाली.

"झालं का रं? बंद कर की आता."

आणि आईनं टॅब बंद केला. एकदाच. दिवसातून एकदाच ऐकायचं असा तिनं नेम धरला होता. पुढे मी जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा हे पाहिलं. चहा टाकायच्या त्या वहिनी. आईचा टॅब सुरू व्हायच्या वेळेला त्या गॅस बारीक करून स्वयंपाकघराच्या दाराशी यायच्या, चौकटीला टेकून उभ्या राहायच्या, आणि ते "बंद कर की आता" झालं की आत जाऊन गॅस मोठा करायच्या. मला वाटायचं, त्या आईकडे लक्ष ठेवतायत.

दादाचा फोन वहिनींकडे आला. तो बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. डेअरीचा मेसेज त्याच्यावर, बँकेचा त्याच्यावर, कारखान्याची ऊसतोडीची पाळी त्याच्यावर, गॅसची टाकी त्याच्यावर, वहिनींच्या आधारलाही तोच जोडलेला. गायी आता त्याच बघत होत्या. फोन कमरेला खोचून गोठ्यात जायच्या. फोन वाजला की "हां", "बरं", "ठेव" असंच बोलायच्या.

आषाढात एका रविवारी मी गेलो. जाताना पांढरीच्या पुलावर थांबून आईसाठी भेळ घेतली, तिला चावत नाही तरी. दुपारी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. धाकट्या चुलतभावाला मुलगी झाली होती, तिचा फोटो त्याच्या डब्यात घालत होतो. वहिनी गोठ्यातून हात पुसत आल्या.

"भावजी, आता घालता का माझं? आता नंबर हाय मला."

मी म्हटलं, घालतो की, त्यात काय. मला बरंच वाटलं. त्या आत गेल्या, धुतलेलं लुगडं नेसून, केस नीट करून आल्या. मी फोटो काढला. बोला म्हटलं तर पटकन बोलल्या, आधीच ठरवून ठेवल्यासारखं: "आत्याबाई, मी बोलते. गोळ्या घेतल्या का? पाणी हितंच ठिवलंय."

मी नाव भरलं, नातं भरलं. "नंबर सांगा." त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, पाठ केलेला. मी एकेक आकडा टाकला. हा नंबर मी पंधरा-वीस वर्षं लावत आलोय. पण फोनमध्ये तो 'दादा' या नावानं होता. नाव दाबायचं आणि लागायचा. आकडे म्हणून माझ्या बोटांनी तो कधी ओळखलाच नाही.

सेव्ह केलं.

माणसं एक्केचाळीस होती. बेचाळीस व्हायला हवी होती. वर आकडा एक्केचाळीसच.

मला वाटलं, झालं, पुन्हा मामांचा प्रकार. स्क्रीनला कळलं नाही. मी परत सेव्ह केलं. एक्केचाळीस. मग अनुभवी माणसाच्या थाटात वहिनींना म्हटलं, "याला असं बंद करून उघडावं लागतं." बंद केलं, उघडलं. परत बंद केलं, परत उघडलं. मी यादीच्या शेवटी शोधत होतो; तिसऱ्यांदा उघडल्यावर वर नजर गेली तर वहिनी दिसल्या. छान दिसत होत्या. दुसऱ्या ओळीत, पहिल्या जागी.

वहिनींना माझ्याआधी कळलं. त्या म्हणाल्या, "भावजी, हे कुठं गेले?"

मी मुलीला फोन लावला. ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, "पप्पा, सेव्ह केल्यानंतर बंद केलं का?"

"तीनदा."

"जुनं कपाट तसंच राहतं म्हटलं होतं ना मी. खिडकी बंद होईपर्यंत ते असतं. तोवर मागं जाता आलं असतं. बंद करायच्या आधी मला फोन केला असता तर..." आणि मग ती एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, "नाही, चूक माझी. मी नंबर वापरू द्यायला नको होता."

मी म्हटलं, नाही बाळा. ती रडायला लागली. काकानं तिला सायकल शिकवली होती.

तिनं तिकडून सगळं तपासलं. काही नव्हतं. मी केलेली सोयच तशी होती: इकडे सेव्ह केलं की सगळ्यांच्या फोनवर, आईच्या टॅबवर, सगळीकडे एकदम तेच व्हायचं. आवाज थेट डब्यातच घेतलेला, वेगळी फाईल नाही. खरं एकाच जागी. मग आम्ही शोधायला लागलो. व्हॉट्सअॅप दादाला नव्हतं. थोरल्या पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो आहे, मांडवात कुणावर तरी ओरडतोय, पण शेजारी डीजे आहे. नुसते ओठ हलतात. ते काय ओरडतोय हे वहिनींनी ओठांवरून ओळखलं. "पत्रावळ्या कमी पडल्या म्हणतायत," त्या म्हणाल्या, आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

आईला कसं सांगायचं? मी त्यातल्या त्यात सोपा मार्ग काढला. म्हणजे सांगितलंच नाही. टॅब बिघडलाय, दुरुस्तीला नेतो असं म्हणून पिशवीत घालायला गेलो, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सकाळच्याला लागतोय मला." मी म्हटलं, बरं. आणि एसटी पकडून नगरला आलो. पळून आलो, असं लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती हे खरं, पण रजा मागितली असती तर मिळाली असती.

सकाळी काय झालं ते मला पुतणीनं फोनवर सांगितलं. ती योगायोगानं माहेरी आलेली. आईनं दुसऱ्या ओळीत पहिल्या जागी बोट ठेवलं.

"आत्याबाई, मी बोलते. गोळ्या घेतल्या का?"

आईनं बोट उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"ह्यो कुठं गेला?"

 त्या म्हणाल्या, "आत्याबाई, माझं घालाया गेले आन् त्यांचं पुसलं."

आणि आई म्हणाली, "मानूस गेला तवा बी तूच हुतीस घरात. आता आवाज बी तुझ्याच पायी गेला का?"

पुतणी हे सांगत होती तेव्हा मी मशीनपाशी उभा होतो. मशीन कापत होतं.

मी त्या दिवशीही गेलो नाही. आठवडा गेला. दोन गेले. मी काय करत होतो, तर प्रोग्रॅम दुरुस्त करत होतो. नंबराची खूण काढली, मुलीनं पहिल्या दिवशी सांगितलेली आपोआप तयार होणारी खूण घातली. आता एका नंबरावर दहा माणसं आली तरी कुणी कुणाला पुसणार नाही. दादाचा डबा नव्यानं केला: नाव, नातं, फोटो. आवाजाची जागा रिकामी. आईच्या टॅबवरही तो लगेच जुन्या जागी आला, वहिनी शेजारी सरकल्या. चुलत्यांचे आणि मावशीचे डबे करायचे ठरवले, नंबराशिवाय. हे सगळं मोठ्या मेहनतीनं केलं. माणसाला तोंड दाखवायचं नसलं की तो फार मेहनती होतो.

तिसऱ्या रविवारी गेलो. ओसरीवर आई एकटीच. वहिनी आत भाकरी थापत होत्या, थापण्याचा आवाज येत होता. मी आईच्या पायाशी बसलो आणि तयार करून आणलेलं बोलायला लागलो: डबा असतो, त्याला खूण असते, एका खुणेचे दोन आले तर...

"ते नगं सांगू," आई म्हणाली.

"आई, चूक माझी आहे. वहिनींची नाही. नंबर मी घेतला. त्यांनी फक्त विचारलं ते सांगितलं."

"मला ठावं हाय."

"मग त्यांना का बोललीस तसं?"

 तिचा चांगला डोळा माझ्याकडे नव्हता, मी होतो तिथून जरा बाजूला होता.

"तुला कसं बोलू?" ती म्हणाली. "दोन हुते. येक ऱ्हायला. तू बी रुसून यायचा बंद झालास म्हंजे? ती कुठं जानार हाय? ती हितंच हाय. म्हनून तिला बोलले."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. कधीपासून, कोण जाणे.

मी उठून आत गेलो. वहिनी परातीपाशी बसल्या होत्या, हात पिठाचे. मी म्हटलं, "वहिनी, मी त्याच दिवशी थांबून सांगायला पाहिजे होतं. तुमच्यावर टाकून गेलो."

"व्हय," त्या म्हणाल्या. "गेलात."

मी त्यांना लॅपटॉप दाखवला, जणू ती भरपाई असावी. हा बघा दादा, आणि हे तुम्ही, शेजारी शेजारी, आता दोघंही राहता.

त्यांनी वाकून दादाचा फोटो बघितला. मग म्हणाल्या, "माझं काढा."

"अहो, काढून दादाचं परत येणार नाही. आणि आता कुणी कुणाला पुसत नाही, तसं केलंय मी."

"ते कळतंय मला. मी काय आडानी न्हाई तेवढी. पन आत्याबाई सकाळच्याला बोट ठिवतात, त्यांचं बोट जरा हिकडं पडलं की मी बोलते. मग त्या चटकन बोट उचलत्यात." त्यांनी हात परातीत झटकले. "रोज. बघतेच की मी दारातनं. काढा."

मी म्हटलं, एखादा दिवस विचार करा. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी ते घालाया येळ लावला नव्हता."

मी काढलं. काढायला तर टिंबंही लागत नाहीत. खूण सांगायची आणि नको म्हणायचं. स्क्रीननं लगेच ऐकलं. ओसरीवर आईच्या मांडीवरच्या टॅबवरही ते त्याच क्षणी झालं असणार. आईनं काही विचारलं नाही. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली, ती एका बाजूनं करपली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या ताटाकडे ठेवली. जेवायला मला चांगल्या भाकरी वाढल्या. आम्ही तिघं जेवलो. आई म्हणाली मीठ बरोबर आहे. 

पुढच्या खेपेला गेलो तर टॅब फडताळात होता, वायर गुंडाळून. आई म्हणाली, त्याचं चार्जिंग टिकत नाही. मी लावून पाहिलं, टिकतंय. पुन्हा फडताळात ठेवून दिला.

त्यात आता दादा आहे, मुका. चुलत्या आहेत, मावशी आहे. मी आहे, "आई, मी बोलतोय, पुढच्या रविवारी येतो" असं म्हणत असतो. वहिनी नाहीत. वहिनी स्वयंपाकघरात आहेत, आईपासून दहा पावलांवर, आणि तिथूनही त्या फारसं बोलत नाहीत.